थांब कुणीही म्हणावं

तिला आम्ही पाखरू म्हणायचो. अंगानं ती पाखरासारखी नव्हती. चांगली उंच, रुंद खांद्यांची बाई. पण फाउंड्रीच्या छताखाली रुळांवर जी क्रेन फिरते तिच्या केबिनमध्ये ती बसायची, आणि खालून आम्हाला तिचं फक्त डोकं नि एक कोपर दिसायचं. तिच्याआधी तिथं एक जाडा बसायचा. त्याला आम्ही तोंडावर काहीच म्हणायचो नाही, कारण तो वरून थुंकायचा.

मी खाली साखळ्या अडकवायचो. जन्मभर तेच केलं. ओतलेला लोखंडी भाग साच्यातून निघाला की त्याला साखळी कुठून घालायची, ओढ कुठं द्यायची, हे माझं काम. त्यामुळे क्रेन कोण चांगली चालवतो हे मला सांगता येतं. बाकीच्यांनी ओझं ठेवलं की जमीन हलायची. हिनं ठेवलं की साखळी सैल पडायची, तेव्हा कळायचं की ठेवलं.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा फोरमन म्हणाला, "बाई, वर जायला शिडी आहे. लिफ्ट नाही."

"मग तुम्ही कसे चढता?" तिनं विचारलं.

फोरमनचं पोट शिडीच्या दोन दांड्यांत मावत नसे. सगळे हसले. ती हसली नाही. हातमोजे चढवून शिडीला लागली.

पुढचं समजायला आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. वर केबिनमध्ये खालचं काही ऐकू येत नाही. भट्टी, घण, पंखे, सगळ्यांचा मिळून एकच गोंगाट. म्हणून बोलणं हातानं. खाली एकच माणूस खुणा करतो आणि वरचा फक्त त्याच्याकडेच बघतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा जमिनीकडे करून फिरवला की खाली घे. खूण एकदाच द्यायची. पुढची खूण येईपर्यंत वरचा तेच करत राहतो. खुणा करणारा नुसता उभा असेल, तर त्याचा अर्थ चालू दे. उघडा पंजा वर केला म्हणजे थांब. आणि थांब मात्र कुणीही म्हणावं. झाडूवाल्यानं पंजा वर केला तरी क्रेन जागच्या जागी थांबते. का, ते नंतर विचारायचं.

खाली खुणा करणारा होता मुका. जिभेनं धडधाकट, पण शब्द असा जपून वापरायचा की जणू रेशनवर मिळतो. हात मात्र बोलके. लांब, सरळ बोटं. खूण अशी स्वच्छ की आंधळ्यालाही दिसावी. पाखरू आणि मुका एका शिफ्टला असले की फोरमन निवांत कोपऱ्यात जाऊन बसायचा.

लग्नाचंही हातानंच जमलं. जेवणाच्या सुट्टीत तो क्रेनखाली उभा राहिला. आधी स्वतःकडे बोट, मग तिच्याकडे, मग दोन्ही हात छातीशी घट्ट जुळवले. आमच्यात हात छातीशी जुळवले की त्याचा अर्थ काम संपलं. "मला वाटलं हा नोकरी सोडतोय," ती माझ्या बायकोला सांगायची. "घाईघाईनं खाली उतरले विचारायला. उतरले ती उतरलेच."

घरी मुक्याची आई. सुनेनं नवऱ्याला अरे-तुरे करणं तिला कधी पचलं नाही, पण तिची खरी तक्रार वेगळीच होती. "या घरात माणसं तीन आणि तोंड एक," ती म्हणायची. "तेही माझंच. ही दोघं दोन टोकांना बसून हात हलवतात. मला वाटतं माश्या हाकलतायत."

लग्नानंतर लवकरच एकदा दिवस गेले होते. ते आपोआप गेलं. नंतर बरीच वर्षं काही नाही. त्यावर ती बोलायची नाही, शिडी चढायची. मग चाळिशी उलटल्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पुन्हा दिवस गेले. कंपनीनं तिला क्रेनवरून काढून हत्यारांच्या खोलीत बसवलं. तिथल्या खिडकीतून ती वर बघायची. तिच्या जागी बसलेला नवा माणूस ओझं ठेवायचा आणि खोलीतले पाने खणखणायचे. "बघा काका," ती मला म्हणायची, "कपाट आपटल्यासारखं ठेवतोय. उतरवा त्याला, नाहीतर मी चढते."

ती हसत होती. इतकी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी दोघं आमच्याकडे आले. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. माझी बायको शिवणकाम करते. तिनं मशीन थांबवून चहा ठेवला. पाखरू खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काकू, तीसमध्ये एक."

"काय तीसमध्ये एक?"

रक्ताची तपासणी झाली होती. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडीही मोजली होती. दोन्हींचा हिशेब करून डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता तीसमध्ये एक. नक्की कळायला हवं असेल तर पोटातून एक बारीक, लांब सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढायचं. त्या पाण्यात बाळाच्या पेशी असतात, त्या तपासल्या की शंका राहत नाही. रक्ताची आणखी एक तपासणी आहे, तिनं अंदाज पक्का होतो, पण तो अंदाजच. नक्की हवं तर सुई.

"मग घ्यायची सुई," बायको म्हणाली.

"सुईनं मूल जाऊ शकतं."

माझ्या बायकोनं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"पाचशेत एखादं जातं, म्हणाल्या. फार कमी आहे म्हणाल्या. काका, तुम्ही सांगा, पाचशे उचली म्हणजे किती दिवसांचं काम?"

मी मनात मोजलं. फार नव्हत्या. भट्टी एकदा पेटली की विझेपर्यंत, त्या एका फेरीत, थोड्या इकडे-तिकडे, इतक्या उचली व्हायच्या.

"म्हणजे दर फेरीला एक ओझं सुटणार," ती म्हणाली. "अशा क्रेनखाली तुम्ही उभे राहिला असतात? मी चालवली असती? आणि तीसमध्ये एक म्हणजे तर सकाळच्या चहाआधीच एक खाली. मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बाई, तुम्हाला पाचशे वेळा उचलायचं नाही. एकदाच उचलायचंय." मग म्हणाली, "ते त्यांचं बरोबरच. पण आम्ही कुणी असं एक ओझं कधी उचललंय का, ज्याचा हिशेबच नाही?"

डॉक्टरबाईंची चूक नव्हती. हिचीही नव्हती. आमच्या धंद्यात ओझं सुटण्याचा आकडा शून्य असावा लागतो. शून्याच्या वर एक आला की काम बंद. तिला आयुष्यात पहिल्यांदा शून्य नसलेल्या दोन आकड्यांतून एक निवडायला सांगितलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर डॉक्टर म्हणतात की निर्णय तुमचा. तिनं विचारलं होतं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?" त्या म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाही. मी फक्त सगळं सांगू शकते." याच उत्तरानं ती जास्त हादरली होती. ओझं हुकाला लावून, खुणा करणारा काढून घेऊन, आता चालव म्हणायचं, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"आणि कळून करायचं काय?" माझ्या बायकोनं विचारलं. ती कापड कापतानासुद्धा आधी हाच प्रश्न विचारते.

"तेही सांगितलंय. असलं तर ठेवायचं की नाही, ते ठरवता येतं. ठेवायचं असेल तर अशा मुलांच्या हृदयात दोष असू शकतो, तो आधी शोधता येतो. कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं ते ठरवता येतं. नसलं तर उरलेले महिने शांत झोप." ती नवऱ्याकडे वळली. "तू काय म्हणतोस?"

मुका भिंतीला टेकून उभा होता. त्यानं थोडा विचार केला. मग बोट वर करून एकदा गोल फिरवलं. आणि चक्क बोललाही: "कळलेलं बरं."

पाखरानं मान डोलावली. चहा पिऊन दोघं गेले.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "ते नातवंड आहे माझं. ओतकाम नाही, आत पोकळी आहे का बघायला भोक पाडायला! कशाला हात दाखवून अवलक्षण? मला चार झाली, कुणी सुई दाखवली नाही."

"आणि ठीक नसतं तर?"

"नसतं तरी वाढवलं असतं. कुणाला विचारायचं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण माझं वय झालंय. मी गेल्यावर कोण बघणार, हेही येतं मनात. रात्रभर तेच येतं." आणि न सांगता उठून गेल्या.

सुईचा दिवस ठरला. त्याआधी मुका एकदा मला बागेच्या कठड्यावर भेटला. हात पँटच्या खिशात. मुक्याचे हात खिशात मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं थंडी वाजतेय.

"नको वाटतं," तो म्हणाला.

"काय?"

"सुई. एक गेलंय. हेही गेलं तर... पण मी बोलणार नाही. पोट तिचं. मी बोललो तर ती ऐकेल. तिला ठरवू दे."

मला ते पटलं. समजूतदार माणूस, असं वाटलं. बायकोला मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "दोघं मुकीच आहेत. हॉस्पिटलात काही विचारायची वेळ आली तर कोण विचारणार? तुम्ही जा बरोबर." म्हणून मी गेलो.

पांढरी, स्वच्छ खोली. दाराबाहेर लांब बाक. फरशी इतकी घासलेली की साफ करणाऱ्याचे कष्ट दिसत होते. मुका आत गेला, मी बाकावर. मला वाटलं होतं तास-दोन तास लागतील. साखळी अडकवून ओढ बघायला जितका वेळ लागतो, तितक्यात दोघं बाहेर. मी चकित झालो. इतकी चिंता, आणि काम एवढंच.

डॉक्टरबाई दाराशी आल्या. "छान झालं. पहिल्याच वेळी पाणी मिळालं. आज जड उचलू नका. ताप आला, रक्त दिसलं, पाणी गळलं, तर लगेच या." त्या आत गेल्या.

पाखरू बाकावर बसली, मुका तिच्या शेजारी. तिचा चेहरा मी ओळखला नाही. इतकी वर्षं तो मी बहुतेक खालूनच पाहिला होता.

"पडद्यावर बाळ दिसत होतं," ती म्हणाली. "सुई आत आली तेव्हा त्यानं पाय ओढून घेतला. पाय असा जवळ घेतला. मी तुझ्याकडे बघत होते." ती नवऱ्याशी बोलत होती. "सगळा वेळ मी तुझ्याकडेच बघत होते. तू हात का नाही वर केलास?"

"कशाला?"

"थांब म्हणायला!"

मुका तिच्याकडे वळला. "तुला थांबायचं होतं?"

"मला कधीच नको होती सुई."

"मग केलीस का?"

"तू सांगितलंस म्हणून! काकांच्या घरी. उचल म्हणालास. मग मी उचलत गेले. नंतर तू थांब म्हटलंच नाहीस. मी रोज वाट बघत होते. रोज तुझ्या हाताकडे बघत होते."

मुक्यानं हात खिशातून काढले आणि मांडीवर ठेवले. जणू दुसऱ्याचे कुणाचे होते.

"मलाही नको होती," तो म्हणाला.

मी बाकाच्या टोकाला बसलो होतो. वितळलेलं लोखंड सांडताना पाहिलंय मी. साखळी तुटताना पाहिलीय. पण असं कधी पाहिलं नव्हतं. काही तुटलं नव्हतं. कुणी चुकलं नव्हतं. दोघांनी आपापलं काम रीतसर केलं होतं: त्यानं एकदा खूण दिली आणि नंतर मध्ये पडला नाही; तिनं पुढची खूण येईपर्यंत चालू ठेवलं. दोघांनाही नको असलेलं ओझं दोघांनी मिळून, जराही धक्का न लागू देता, उचललं होतं. फाउंड्रीत असं झालं असतं तर फोरमननं शाबासकी दिली असती.

"थांब कुणीही म्हणू शकतं," मुका म्हणाला. "तू म्हणायचं होतंस."

"वर बसणारा थांब कुणाला म्हणणार?" ती म्हणाली.

ते खरं होतं. केबिनमधल्या माणसानं खूण केली तरी खालून ती कुणी बघतच नसतं.

आणि मग दोन दिवसांनी ज्याची भीती होती तेच झालं. पाणी गळायला लागलं. सासूबाई अनवाणी आमच्या दारात. "गेलं हो, गेलं," एवढंच म्हणत होत्या. आम्ही पाखराला परत त्या खोलीत नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं सुईनंतर कधी कधी होतं, बहुतेक वेळा आपोआप बंद होतं. पडून राहा, आम्ही लक्ष ठेवतो. पाखरू भिंतीकडे तोंड करून पडली. मुका खाटेच्या पायाशी उभा, हात दोन्ही बाजूंना लोंबते.

पाणी थांबलं. बाळाचे ठोके चालू होते. घरी सोडतात तोच पहिला निकाल आला.

होतं. तीसमधलं ते एक, तिच्याच पोटात होतं.

त्या संध्याकाळी दोघं आमच्याकडे आले, कारण घरी सासूबाई रडत होत्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळं समोर मांडलं होतं: थांबवायचं असेल तर अजून वेळ आहे, ठेवायचं असेल तर हृदय बघून घेऊ, दोन्हींत आम्ही तुमच्याबरोबर आहोत. माझ्या बायकोनं आतली खोली मोकळी करून दिली, शिवायला आलेले कपडे बाजूला केले आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघं बाहेर बसलो. मग आतून एक आवाज यायला लागला. पुरुषाचा. मला वाटलं रेडिओ लागला. बायको माझ्याकडे बघायला लागली. मुका बोलत होता. एक वाक्य नाही, दोन नाही. बोलतच होता. मध्ये तिचा आवाज, मग पुन्हा त्याचा. एकदा तो ओरडलाही. एकदा दोघं रडले, नाहीतर हसले. दारातून कळत नव्हतं. शब्द आम्ही ऐकले नाहीत, ऐकायचेही नव्हते. पण इतकी वर्षं त्याच्यासोबत काम करून त्याचा आवाज जाड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दार उघडलं. ती म्हणाली, "ठेवतोय." मग त्याच्याकडे बघून, "तोंडानं सांग."

"ठेवतोय," तो म्हणाला.

हृदयाची तपासणी केली तेव्हा दोष सापडला. मोठा. डॉक्टरांनी सांगितलं, हे जन्मानंतर कळलं असतं तर कदाचित उशीर झाला असता. म्हणून बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात झालं, जिथं हृदयाचे डॉक्टर होते. मुलगी झाली. काही महिन्यांनी तिच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, आणि ती जगली.

त्या सुईचं काय म्हणावं हे मला आजवर उलगडलेलं नाही. जी कुणालाच नको होती, जिनं मूल जाता जाता राहिलं, त्याच सुईनं ते वाचवलं. मी बायकोला विचारलं, तेव्हा मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली, "दुसरी एखादी असती, तिचं गेलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?" म्हणून मी कुणाला घे म्हणत नाही, नको म्हणत नाही. एवढंच सांगतो की घरात आधी तोंडानं बोला. एकदा बोलून गप्प बसू नका.

पाखरू पुन्हा क्रेनवर चढली नाही. हत्यारांची खोलीच घेतली, कारण तिथून वेळेवर घरी जाता येतं. मुका घरी बोलतो. इतका बोलतो की सासूबाई म्हणतात, आधीचंच बरं होतं.

मुलीला बोलायला उशीर लागणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. परवा सगळे आमच्याकडे जेवायला होते. मुका आणि त्याची आई कशावरून तरी भांडत होते, दोघांचे आवाज चढलेले. मुलगी उंच खुर्चीत बसली होती. तिनं चमचा खाली टाकला आणि आखूड बोटांचा उघडा पंजा वर केला.

कुणी शिकवलं नव्हतं, असं दोघं शपथेवर सांगतात. बघून बघून आलं असेल.

सगळे थांबले. सासूबाईंचा घास हातात राहिला. मुक्याचं तोंड उघडं. माझा पाण्याचा पेला अर्ध्यावर, आणि सवयीनं मी छताकडे पाहिलं. कुणी हललं नाही. मुलीनं सगळ्यांवरून नजर फिरवली, खात्री करून घेतली, मग पंजा मिटून एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं.

पाखरानं तिला खुर्चीतून उचललं, कडेवर घेऊन खिडकीपर्यंत नेलं, बाहेरचं दाखवलं आणि जमिनीवर ठेवलं. ठेवल्याचा आवाज आला नाही.